होमी भाभांना हवं होतं फिजिक्स, मग मेकॅनिकल इंजिनीअरिंग का केलं?

मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत शिकणाऱ्या होमी भाभांना ओढ होती ती विज्ञान आणि गणिताची. घरच्यांचा बेत मात्र ठरलेला होता. केंब्रिजहून मेकॅनिकल इंजिनीअर होऊन यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. सर दोराबजी टाटा आत्याचे यजमान, त्यामुळे नोकरीची चिंताच नव्हती.

१९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी वडिलांना पत्रातून कळवलं, की इंजिनीअरची नोकरी आपल्याला मानवणार नाही, फिजिक्सच करायचंय. वडील वकील. त्यांनी नकार दिला नाही, अट घातली: आधी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च करतो. (आजही अनेक घरांत ही अट ओळखीची वाटेल.)

१९३० मध्ये फर्स्ट क्लास आला आणि वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये गणितातही फर्स्ट क्लास. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत त्यांनी कॉस्मिक किरणांमुळे वातावरणात कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत मांडला.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहिलं. १९४५ मध्ये त्यांनी 'टीआयएफआर' ही मूलभूत संशोधन संस्था उभारली. त्यासाठी पैसा आला सर दोराबजी टाटा ट्रस्टकडून.