सामान्यांना आल्प्स दाखविणारा सुतार

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींत पॅरिस आणि स्वित्झर्लंड ही ठिकाणे जणू ठरलेलीच. प्रवास, निवास, मार्गदर्शक अशी सारी व्यवस्था करून पर्यटकांना गटाने परदेश दाखविण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात ज्यांनी रूढ केली, ते थॉमस कुक मूळचे सुतार होते.

२२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न गावी त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले आणि दहाव्या वर्षी शाळा सुटली. बागकाम, सुतारकाम करता करता ते बाप्टिस्ट पंथाच्या प्रचारकार्याकडे आणि पुढे मद्यपानविरोधी चळवळीकडे वळले. ५ जुलै १८४१ रोजी चळवळीच्या मेळाव्यासाठी त्यांनी लेस्टर ते लफबरो अशी खास रेल्वेगाडी ठरविली. माणशी १ शिलिंग भरून सुमारे ५०० जण तिने गेले. श्रमिकांची पावले दारूच्या गुत्त्याऐवजी प्रवासाकडे वळावीत, ही त्यांची तळमळ होती.

१८५५ मध्ये ब्रसेल्स, कलोन, हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग अशा ऐतिहासिक शहरांतून त्यांनी पॅरिसची सहल काढली. पण पदरी तोटाच आला. पुढे स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी सवलतीची तिकिटे नाकारली, तेव्हा त्यांनी पुन्हा युरोपची वाट धरली. १८६३ च्या उन्हाळ्यात पॅरिस, जिनिव्हा, शामोनी, इंटरलाकेन, ल्युसर्न असा प्रवास घडला. या गटात स्त्रियाही होत्या. घेरदार झगे सावरीत त्यांनी हिमनदी ओलांडली. आजवर धनिकांपुरता असलेला आल्प्स मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १८६४ मध्ये इटलीचीही सहल निघाली. या नव्या प्रवाशांची उच्चभ्रूंनी टिंगल केली. मात्र निसर्ग आणि कला ही सर्वांचीच, या भूमिकेवर कुक ठाम राहिले.

१८७२-७३ मध्ये त्यांनी २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या वाटेवर भारतही होता. परंतु घरात मात्र दुरावा वाढत होता. पित्याच्या लेखी प्रवास ही समाजसेवा, तर पुत्र जॉन मेसन यांच्या लेखी तो चोख व्यवसाय. १८७० च्या दशकाअखेरीस वडिलांना कारभारातून बाजूला व्हावे लागले. १८८० मध्ये कन्या आणि १८८४ मध्ये पत्नी निवर्तली.

त्यांनी उभी केलेली ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली, पण त्यांनी घालून दिलेली सहलीची रीत टिकून आहे. हजारोंना बर्फाच्छादित शिखरे दाखविणाऱ्या कुक यांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्यांचे निधन झाले.