जुलिओ नात्ता

जुलिओ नात्ता (२६ फेब्रुवारी, १९०३ – २ मे, १९७९) हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ होते. बहुवारिकाच्या रेणुशृंखलेतील बाजूचे गट अवकाशात कसे मांडलेले आहेत, यावर प्लॅस्टिकची स्फटिकता ठरते, हे त्यांनी पॉलिप्रोपिलीनच्या संशोधनातून सिद्ध केले. त्यासाठी कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

जीवन

इंपेरिया येथे जन्मलेल्या नात्तांनी १९२४ मध्ये मिलान पॉलिटेक्निकमधून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. क्ष-किरणांनी स्फटिकरचना उलगडण्याचे त्यांचे सुरुवातीचे काम पुढे निर्णायक ठरले. १९३८ मध्ये ते मिलानला प्राध्यापक म्हणून परतले; ते पद ज्यू प्राध्यापक मारिओ जाकोमो लेव्ही यांना वंशभेदी कायद्यांमुळे सोडावे लागले होते.

संशोधन

त्सीग्लर यांनी १९५३ मध्ये कमी दाबाखाली एथिलिनाचे बहुवारिकीकरण घडविणारे उत्प्रेरक शोधले. ११ मार्च १९५४ रोजी नात्तांच्या प्रयोगशाळेत तशा उत्प्रेरकाने प्रोपिलिनापासून पॉलिप्रोपिलीन तयार झाले. हाती आलेला पदार्थ मात्र एकजिनसी नव्हता. विद्रावकांनी वेगळा केल्यावर त्याचा एक भाग मऊ व चिकट, तर दुसरा पांढरा, कठीण आणि सुमारे १६५° से. पर्यंत न वितळणारा निघाला. दोहोंचे रासायनिक संघटन एकच होते. फरक होता तो मिथिल गटांच्या मांडणीत.

मऊ भागात हे गट शृंखलेच्या दोन्ही अंगांना कसेही विखुरलेले असतात. त्यामुळे शृंखला एकमेकींलगत नीट बसत नाहीत व पदार्थ अस्फटिकी राहतो. कठीण भागात सर्व गट एकाच बाजूस असतात. अशी शृंखला दर तीन एककांना एक वेढा घेत मळसूत्री होते आणि ही मळसूत्रे शेजारी-शेजारी घट्ट रचली जाऊन स्फटिक बनतात. पाओलो कोर्रादिनी यांच्या क्ष-किरण विवर्तनाच्या अभ्यासातून ही रचना स्पष्ट झाली. तरीही पदार्थ पूर्णपणे स्फटिकी होत नाही. मधले अस्फटिकी भाग त्याला चिवटपणा देतात. या दोन रूपांना अनुक्रमे अटॅक्टिक व आयसोटॅक्टिक ही ग्रीक धातूंवरून घडविलेली नावे नात्तांच्या पत्नी रोझिता बेआती यांनी सुचविली. त्या साहित्याच्या पदवीधर होत्या.

माँटेकातिनी कंपनीने १९५७ मध्ये फेर्रारा येथे आयसोटॅक्टिक पॉलिप्रोपिलिनाचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. त्याचे तंतू ओढले असता शृंखला लांबीच्या दिशेने रेषेत येतात व बळकटी वाढते. दापोली तालुक्यातील हर्णैसारख्या मासेमारी बंदरांवर वापरले जाणारे, पाण्यावर तरंगणारे पॉलिप्रोपिलिनाचे दोर याच प्रकारचे असतात.

अखेरची वर्षे

१९५६ मध्ये नात्तांना कंपवाताचे निदान झाले. नोबेल स्वीकारताना त्यांना आधार घ्यावा लागला. बेर्गामो येथे त्यांचे निधन झाले. स्फटिकी पॉलिप्रोपिलिनाच्या अमेरिकी एकस्वाचा दीर्घ वाद तेव्हाही मिटलेला नव्हता. १९८३ मध्ये ते एकस्व फिलिप्स पेट्रोलियम कंपनीला मिळाले.