स्पर्धेसाठी लिहिलेले खरे संगीत : गुस्ताव होल्स्ट



आपल्या शाळेचा बँड आंतरशालेय स्पर्धेची तयारी करू लागला की दोन-अडीच महिने मैदानावर एकच धून ऐकू येते. मग वाजवणारी मुलेच आम्हाला विचारतात की ही धून फक्त बक्षिसासाठी आहे, की तिला संगीत म्हणून काही किंमत आहे? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर व्याख्यान देऊन देण्यापेक्षा या अंकात आम्ही एका इंग्रज संगीतकाराचे चरित्र सांगतो. त्यांचे नाव गुस्ताव होल्स्ट. जगभर ते एका भव्य वाद्यवृंद-रचनेमुळे ओळखले जातात, पण त्यांचा पेशा आमचाच होता. ते शाळेत मास्तर होते.

होल्स्ट यांचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम या गावी झाला. घराण्यात संगीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. वडील ऑर्गन आणि पियानो वाजवीत व शिकवीत. आई १८८२ साली वारली, तेव्हा मुलगा पुरता आठ वर्षांचाही नव्हता. प्रकृती मुळातच नाजूक, दम्याचा त्रास, डोळे कमजोर. वडिलांची इच्छा होती की मुलाने पियानोवादक व्हावे, परंतु उजव्या हाताच्या नसांचे दुखणे मागे लागले आणि ती वाट बंद झाली. बाराव्या वर्षी वडिलांनी त्याच्या हाती ट्रॉम्बोन दिला. कारण काय, तर फुंकण्याने छाती सुधारेल! लग्नाच्या वरातीत नळी पुढे-मागे सरकवून वाजवतात ते लांब पितळी वाद्य तुम्ही पाहिले असेल, तेच हे. आपल्या गळ्यातली मींड ज्या थोड्या पाश्चात्त्य वाद्यांतून निघते त्यांपैकी हे एक. औषध म्हणून घेतलेल्या या वाद्याने पुढे या माणसाला पोटाला दिले, आणि त्याहून मोठी गोष्टही दिली. ती पुढे सांगू.

१८९३ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी वडिलांनी शंभर पौंड उसने काढले होते. १८९५ साली रचनेसाठी शिष्यवृत्ती मिळाली. तरीही पैशांची ओढाताण होतीच, म्हणून उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांत बँडबरोबर ट्रॉम्बोन वाजवावा लागे. त्याच कॉलेजात राल्फ व्हॉन विल्यम्स हा मित्र भेटला. हे दोघे आपली प्रत्येक नवी रचना एकमेकांना दाखवीत आणि भीड न ठेवता चुका काढीत. ही मैत्री मरेपर्यंत टिकली. शिक्षण संपल्यावर होल्स्ट काही वर्षे ऑपेरा कंपनीत आणि स्कॉटलंडच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोनवादक म्हणून फिरले. वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून साठसत्तर वादकांचे संगीत कसे उभे राहते ते त्यांनी आतून ऐकले. वर म्हटलेली मोठी गोष्ट ती हीच. १९०१ साली इझोबेल हॅरिसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०७ साली झालेली मुलगी इमोजेन पुढे स्वतः संगीतकार झाली, आणि वडिलांचे चरित्रही तिनेच लिहिले.

१९०५ साली होल्स्ट लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीतशिक्षक झाले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, ती नोकरी त्यांनी सोडली नाही. शिवाय १९०७ पासून मॉर्ले कॉलेजात कामकरी लोकांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांनाही ते शिकवू लागले. दिवसभर दुकानात, कचेरीत राबून आलेली माणसे तिथे गाणे शिकायला येत. या माणसांकडून होल्स्ट यांनी काय करून घेतले ते पाहा. पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराची 'द फेअरी क्वीन' ही रचना १६९७ नंतर कोणी सादर केलेली नव्हती. वादकांच्या आणि गायकांच्या प्रती छापील मिळत नव्हत्या. तेव्हा मॉर्लेच्या विद्यार्थ्यांनी सुमारे १५०० पाने हाताने उतरवून काढली, आणि १९११ साली ती रचना पुन्हा लोकांच्या कानी पडली. शिकाऊ लोकांना सोपे, गोडगोड काहीतरी द्यावे असे होल्स्ट यांना वाटत नसे. आम्हा शिक्षकांना हे वाटते तितके सोपे नाही. वर्गात पस्तीस मुले असली की आपोआपच सोप्याकडे मन ओढते.

रविवार आणि सुट्टी हेच त्यांचे रचना करण्याचे दिवस. १९१३ साली शाळेने संगीतासाठी नवी इमारत बांधली. तिच्यात त्यांना बाहेरचा आवाज न येणारी एक खोली मिळाली. त्याची परतफेड म्हणून त्यांनी शाळेच्या मुलींच्या वाद्यवृंदासाठी 'सेंट पॉल्स स्वीट' लिहिले. 'स्वीट' म्हणजे तीन-चार छोट्या भागांची मिळून एक रचना.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. होल्स्ट यांना तरुणपणी भारतीय ग्रंथांची ओढ लागली. इंग्रजीतली भाषांतरे त्यांच्या मनास येईनात, म्हणून त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृतचा अभ्यास केला आणि ऋग्वेदातील सूक्तांचे आपले इंग्रजी रूपांतर तयार केले. १९०८ ते १९१२ या काळात त्यांनी या सूक्तांवर समूहगीतांचे चार संच रचले. कालिदासाच्या मेघदूतावर एक दीर्घ रचना केली. महाभारतातील सावित्रीच्या आख्यानावर एकअंकी संगीतिका लिहिली. तिच्यात सावित्री, सत्यवान आणि मृत्यू अशी तीनच पात्रे आहेत, आणि साथीला जेमतेम डझनभर वादक. अर्थात हे संगीत पाश्चात्त्यच आहे, त्यात आपले राग शोधू नयेत. त्याआधी रामायणावर 'सीता' नावाची मोठी संगीतिका त्यांनी अनेक वर्षे खपून १९०६ साली पुरी केली होती. रिकॉर्डी या प्रकाशन संस्थेच्या स्पर्धेत ती पाठवली, पण बक्षीस मिळाले नाही. म्हणजे स्पर्धेत हरणे काय असते हे या माणसाला चांगले माहीत होते. वडिलांचे हे भारतप्रेम मुलीतही उतरले असावे. इमोजेन १९५०-५१ मध्ये शांतिनिकेतनला येऊन भारतीय संगीत ऐकून, शिकून गेल्या.

ज्या रचनेने होल्स्ट यांचे नाव जगात झाले ती म्हणजे 'द प्लॅनेट्स', अर्थात ग्रह. १९१४ ते १९१६ या काळात ती लिहिली गेली. हे ग्रह दुर्बिणीतले नव्हेत, पत्रिकेतले आहेत. होल्स्ट यांना ज्योतिषाचा नाद होता, मित्रांच्या कुंडल्याही ते मांडीत. म्हणून मंगळ युद्ध घेऊन येतो, शुक्र शांती, गुरू आनंद आणि शनी वार्धक्य. शनी म्हटला की आपल्याकडे माणसे तेल घेऊन धावतात. होल्स्ट यांच्या शनीत मात्र म्हातारपण सावकाश पावले टाकीत येते आणि शेवटी शांतवून जाते. हाताच्या दुखण्यामुळे एवढा मोठा मजकूर स्वतः लिहिणे त्यांना शक्य नव्हते. शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी तो लिहून काढला. पहिला प्रयोग २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रितांसमोर झाला. त्याचा खर्च बाल्फोर गार्डिनर या मित्राने उचलला आणि वाद्यवृंदाचे संचालन एड्रियन बोल्ट यांनी केले. त्यानंतर लगेच होल्स्ट सैनिकांना संगीत शिकवण्यासाठी सलोनिकाला गेले. जर्मन वाटणारे 'फॉन' हे आडनावापुढचे अक्षर त्यांनी त्याच वेळी टाकून दिले.

कीर्ती आली, पण ती त्यांना मानवली नाही. १९२३ साली संचालन करताना व्यासपीठावरून पडून डोक्याला मार बसला. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळी कामे बंद ठेवावी लागली. बाकीच्या नोकऱ्या सुटल्या, मुलींची शाळा तेवढी राहिली.

आता ज्यासाठी हे चरित्र सांगायला घेतले तिकडे वळू. इंग्लंडच्या उत्तर भागात कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कामगारांनी पितळी वाद्यांचे बँड उभे केले. पुष्कळ ठिकाणी वाद्यांचा खर्च मालकांनी केला. पाळी संपली की अंगावरची धूळ झटकून माणसे तालमीला येत. असा बँड म्हणजे सुमारे पंचवीस जण. त्यात कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन, खर्जाचे अजस्र बेस आणि तालवाद्ये. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, तंतुवाद्य नाही. यात एक मोठी सोय होती. ट्रॉम्बोन सोडले तर बहुतेक वाद्यांवर बोटे सारखीच पडतात आणि नोटेशनही सारखेच वाचायचे असते. त्यामुळे एखादा वादक आजारी पडला किंवा गाव सोडून गेला तर दुसऱ्याला त्याचे वाद्य उचलता येई.

या बँडांच्या स्पर्धा फार चुरशीच्या होत. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे १८५३ पासून, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०० पासून राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. नियम असा की वरच्या गटातल्या सर्व बँडांना एकच रचना नेमून द्यायची. परीक्षक आडोशाला बसतात. समोर कोणता बँड आहे हे त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येते. आमच्या मते ही पद्धत आपल्याकडेही आणण्याजोगी आहे. मात्र बरीच वर्षे नेमून दिलेली रचना बँडसाठी मुळात लिहिलेली नसे. गाजलेल्या ऑपेरांतले तुकडे जोडून ती बनवीत. १९१३ साली पर्सी फ्लेचर यांची 'लेबर अँड लव्ह' नेमली गेली, तेव्हापासून खास बँडसाठी लिहिलेल्या रचना येऊ लागल्या. तरी नामवंत संगीतकार या कामाकडे फारसे वळत नव्हते.

१९२८ साली बीबीसी आणि राष्ट्रीय स्पर्धेची समिती यांनी होल्स्ट यांच्याकडे रचना मागितली. तेव्हा ते इंग्लंडमधल्या पहिल्या रांगेतल्या संगीतकारांत गणले जात होते. लष्करी बँडसाठी त्यांनी १९०९ आणि १९११ साली दोन स्वीट लिहिली होती, पण त्यांत क्लॅरिनेट, बासऱ्या होत्या. नुसत्या पितळेवर चित्र रंगवायचे म्हणजे हाताशी रंग थोडे. त्यांनी जे लिहिले त्याचे नाव 'अ मूरसाइड स्वीट'. मूर म्हणजे उत्तर इंग्लंडमधले उघडे, वाऱ्याचे माळरान. गिरण्यांची गावे अशा माळांच्या कडेलाच वसलेली आहेत.

या रचनेत तीन भाग आहेत. पहिला स्कर्झो, म्हणजे चपळ, उड्या मारत जाणारा. तिसरा मार्च, म्हणजे कूच. या दोन्हींत बँडला आपले बळ दाखवता येते. मधला भाग नॉक्टर्न, म्हणजे रात्रीचे संगीत. तो संथ आणि हळुवार आहे. स्पर्धेसाठी कोणी लिहायला बसला तर सहसा काय करतो? वेग वाढवतो, आवाज वाढवतो, अवघड ताना भरतो. त्याने परीक्षकाचेही काम सोपे होते, कारण चुकले ते लगेच कळते. होल्स्ट यांनी मधोमध शांतता ठेवली. ज्याने कधी कॉर्नेट फुंकले असेल त्याला विचारा. जोरात वाजवणे त्यामानाने सोपे. हळू आवाजात लांब स्वर धरायचा, तो कापू द्यायचा नाही, शेजाऱ्याच्या सुराशी सूर मिळवायचा, यात दम आणि ओठ दोन्ही पणाला लागतात. एकाचा जरी सूर घसरला तरी आडोशाला बसलेल्या परीक्षकाला तो कळतो. हे माहीत असायला स्वतः दमेकरी असून ट्रॉम्बोन फुंकलेला माणूसच हवा होता, असे आम्हाला वाटते.

२९ सप्टेंबर १९२८ रोजी, म्हणजे 'प्लॅनेट्स'च्या पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, क्रिस्टल पॅलेसमध्ये एकामागून एक बँडांनी ही रचना वाजवली. पहिला क्रमांक यॉर्कशायरमधील क्वीन्सबरी गावच्या ब्लॅक डाइक मिल्स बँडने पटकावला. लोकरीच्या गिरणीतला बँड तो. १८५५ साली स्थापन झालेला हा बँड आजही वाजतो आहे. गिरणी मात्र केव्हाच थांबली.

होल्स्ट यांच्यानंतर वाट मोकळी झाली. १९३० साली वृद्ध एडवर्ड एल्गार यांनी याच स्पर्धेसाठी 'सेव्हर्न स्वीट' दिले, १९३२ साली जॉन आयर्लंड यांनी 'अ डाउनलँड स्वीट'. क्रिस्टल पॅलेस १९३६ साली आगीत भस्म झाला, पण स्पर्धा दुसरीकडे चालू राहिली. 'मूरसाइड' आज स्पर्धेच्या बाहेर मैफलींतही वाजते. बक्षीस दिले गेल्यावर ती कोणी कपाटात टाकली नाही.

स्वतः होल्स्ट यांनीही टाकली नव्हती. गिरणीकामगारांसाठी लिहिलेली हीच रचना त्यांनी पुढे आपल्या शाळेतल्या मुलींच्या तंतुवाद्यांसाठी बसवून दिली. १९३२ साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवायला गेले, तिथे पोटाच्या आजाराने गाठले, आणि मग प्रकृती सावरली नाही. १९३३ साली आजारपणातच त्यांनी सेंट पॉल्सच्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठी आणखी एक स्वीट लिहिले. शाळा ज्या भागात आहे त्या ब्रुक ग्रीनचेच नाव त्याला दिले. २५ मे १९३४ रोजी लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी चिचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ठेवल्या आहेत.