नाक फुटलं, टाके पडले आणि जाक प्लांतनं सांगितलं, मास्कशिवाय खेळणार नाही

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद येतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. पायात स्केट्स, हातात स्टिक आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चकती. तिला म्हणतात पक. वजन साधारण 170 ग्रॅम. जोरात मारला तर हा पक ताशी 150 किलोमीटरच्या आसपास वेगानं येतो.

आता असा पक अडवायला गोलसमोर उभा राहिलेला माणूस तोंडावर काहीच घालत नसेल तर?

1950 च्या दशकात नॅशनल हॉकी लीग म्हणजेच एनएचएलमध्ये हेच चालायचं. गोलकीपरच्या पायाला जाड पॅड, हातात ग्लोव्हज, पण चेहरा उघडा. दात पडणं, नाक मोडणं, चेहऱ्यावर टाके पडणं हा नोकरीचाच भाग समजला जायचा. मास्क मागणारा गोलकीपर घाबरट ठरायचा.

ही समजूत मोडून काढणाऱ्या माणसाचं नाव जाक प्लांत.

प्लांतचा जन्म 17 जानेवारी 1929 चा, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातला. अकरा भावंडांत तो थोरला. वडील कारखान्यात कामगार, त्यामुळे घरात पैशांची ओढाताण कायमची. त्याची पहिली गोलकीपरची स्टिकसुद्धा वडिलांनीच लाकडातून घडवून दिली होती.

त्यात त्याला दमा होता. इतरांसारखं बर्फावर सतत पळणं जमायचं नाही, म्हणून तो गोलमध्ये उभा राहायला लागला. थंडीत डोक्याला लोकरीची टोपी लागायची आणि विकत घ्यायला पैसे नसायचे. मग तो आईकडून विणकाम शिकला आणि स्वतःच टोप्या विणायला लागला. पुढं मोठा खेळाडू झाल्यावरही त्याची ही सवय सुटली नाही.

पोरगा असतानाच तो कारखान्याच्या टीमकडून खेळायला लागला. वडील कोचला जाऊन भेटले आणि प्रत्येक मॅचमागे 50 सेंट ठरले. अट एकच, इतर खेळाडूंना हे कळता कामा नये.

तिथून एनएचएलपर्यंतचा रस्ता मात्र सोपा नव्हता. त्या काळात लीगमध्ये फक्त सहा टीम होत्या आणि प्रत्येक टीममध्ये एकच मुख्य गोलकीपर. म्हणजे सगळ्या उत्तर अमेरिकेत या कामाच्या जागा जेमतेम सहा. त्याच्या खालच्या लीगमध्ये कितीतरी चांगले गोलकीपर एखादी जागा कधी रिकामी होते याची वाट बघत बसलेले असायचे. जखमी झाल्यावरही गोलकीपर मैदान का सोडत नव्हते, याचं एक कारण हेसुद्धा होतं. एकदा दुसऱ्यानं जागा घेतली की ती परत मिळेलच याची खात्री नसायची.

प्लांत आधी क्यूबेक शहराच्या ज्युनिअर टीममध्ये खेळला, मग मॉन्ट्रियल रॉयल्समध्ये. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या बड्या टीमनं त्याला 1952-53 च्या मोसमात तीन मॅचसाठी बोलावलं. कोच डिक आयर्विन यांना त्याची विणलेली टोपी पसंत नव्हती. टोपी काढावी लागली, पण खेळ त्यांच्या लक्षात राहिला. त्याच मोसमात प्लेऑफमध्ये शिकागोविरुद्ध टीम 3-2 अशी मागं पडली, तेव्हा आयर्विन यांनी नेहमीच्या गोलकीपरला बसवून नवख्या प्लांतला उतरवलं. त्यानं पहिल्याच मॅचमध्ये एकही गोल होऊ दिला नाही. पुढची मॅचही टीमनं जिंकली आणि त्या वर्षीचा स्टॅनले कपसुद्धा.

त्याची खेळण्याची पद्धतही वेगळी होती. तेव्हाचे गोलकीपर गोलच्या समोरची जागा सोडायचे नाहीत. प्लांत सरळ बाहेर यायचा, गोलमागं जाऊन पक अडवायचा आणि आपल्या खेळाडूंकडं ढकलायचा. बघणाऱ्यांना तो वेडेपणा वाटायचा, पण त्यामुळं समोरच्या टीमचा हल्ला सुरू होण्याआधीच संपायचा.

1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षं कॅनेडियन्सनं स्टॅनले कप जिंकला. हा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. त्या काळी सर्वात कमी गोल खाल्ल्याबद्दल दिली जायची ती व्हेझिना ट्रॉफी त्या पाचही वर्षी प्लांतकडं होती.

पण या यशाची किंमत त्याचा चेहरा मोजत होता. सरावात पक लागून त्याच्या दोन्ही गालांची हाडं मोडली होती. पुढं सायनसचा त्रास झाला. त्यानंतर तो सरावात मास्क घालायला लागला. मॅचमध्ये घालायला मात्र कोच टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. मास्कमुळं पक नीट दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

याआधी कुणी प्रयत्न केला नव्हता असं नाही. 1930 साली क्लिंट बेनेडिक्ट या गोलकीपरनं नाक मोडल्यावर काही मॅचपुरता चामड्याचा मास्क वापरला होता. त्यातून नीट दिसेना म्हणून त्यानं तो सोडून दिला. पुढं जवळपास 30 वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही.

प्लांतच्या मदतीला आला बिल बर्चमोर नावाचा माणूस. तो फायबरग्लासच्या कंपनीत काम करायचा. 1958 साली प्लांतच्या कपाळावर पक बसलेला त्यानं पाहिला आणि चेहऱ्याच्या मापाचा फायबरग्लासचा मास्क बनवायची कल्पना मांडली. प्लांतच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावर मास्क तयार केला.

मग आली 1 नोव्हेंबर 1959 ची रात्र. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. मॅच सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. रेंजर्सच्या अँडी बाथगेटनं मारलेला पक थेट प्लांतच्या तोंडावर आला. नाक फुटलं, बर्फावर रक्त सांडलं. त्याला आत नेऊन टाके घातले.

ब्लेक यांच्यापुढं पर्याय नव्हता. तेव्हा टीम दुसरा गोलकीपर सोबत नेत नसत. गरज पडली तर यजमान टीमनं ठेवलेला कुणीतरी बदली माणूस घ्यावा लागायचा. आणि प्लांतनं सांगून टाकलं होतं की मास्क घालू दिला तरच तो बर्फावर उतरेल. ब्लेक संतापले, पण शेवटी तयार झाले. जखम भरली की मास्क काढायचा, ही त्यांची अट.

प्लांत मास्क घालून आला आणि कॅनेडियन्सनं मॅच 3-1 नं जिंकली.

जखम भरली तरी प्लांत मास्क काढेना. टीका भरपूर झाली. पण टीम त्यानंतर सलग 18 मॅच हरलीच नाही, त्यामुळं ब्लेक यांनाही फार बोलता येईना. 8 मार्च 1960 ला त्यांच्या आग्रहाखातर प्लांत एकदा विनामास्क उतरला. डेट्रॉइटनं ती मॅच 3-0 नं जिंकली. पुढच्या मॅचला मास्क परत आला, तो कायमचाच.

प्लांत टीममध्ये फारसा मिसळणारा माणूस नव्हता. दम्याचं कारण सांगून तो काही वेळा वेगळ्या हॉटेलात राहायचा, एकटा बसून विणायचा. एकदा त्यानं तक्रार केली की काही शहरांत गोलची आडवी दांडी नियमापेक्षा खाली आहे. लोकांना वाटलं, हा कारणं शोधतोय. मोजल्यावर तो खरा निघाला.

1962 साली लीगच्या सर्वात मौल्यवान खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली. नंतर 1997 पर्यंत दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरला ती मिळाली नाही. पण 1963 मध्ये त्याच टीमनं त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. तिथं जम बसला नाही आणि 1965 मध्ये तो निवृत्त झाला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण 1967 मध्ये लीगच्या टीम सहाच्या बारा झाल्या आणि अनुभवी गोलकीपरना पुन्हा मागणी आली. 1968 मध्ये सेंट लुईस ब्लूजनं प्लांतला परत आणलं. ग्लेन हॉलच्या जोडीनं त्यानं सातवी व्हेझिना ट्रॉफी मिळवली, तेव्हा तो 40 वर्षांचा होता.

1970 च्या फायनलमध्ये एक पक त्याच्या कपाळावर असा आदळला की मास्क फुटला आणि तो बेशुद्ध पडला. मास्क नसता तर आपण वाचलो नसतो, असं त्याचं मत होतं. नंतर टोरंटोत 42 व्या वर्षी त्यानं लीगमधली सर्वोत्तम गोल-सरासरी नोंदवली. बॉस्टन आणि एडमंटनकडूनही तो खेळला. 1975 मध्ये धाकट्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली आणि त्यानं खेळ कायमचा सोडला.

तोवर त्यानं मास्क बनवणारी स्वतःची कंपनी काढली होती, गोलकीपिंगवर पुस्तक लिहिलं होतं. शेवटची वर्षं तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. 27 फेब्रुवारी 1986 ला जिनिव्हात पोटाच्या कॅन्सरनं त्याचं निधन झालं.

एनएचएलमध्ये विनामास्क खेळणारा शेवटचा गोलकीपर होता अँडी ब्राऊन, 1973-74 च्या मोसमात. म्हणजे प्लांतनं न्यूयॉर्कमध्ये हट्ट धरल्यापासून पंधरा वर्षांच्या आत उघड्या चेहऱ्याचा गोलकीपर लीगमधून दिसेनासा झाला. आज शाळकरी पोरंसुद्धा मास्कशिवाय गोलसमोर उभी राहत नाहीत आणि त्यांना कुणी घाबरट म्हणत नाही.