धक्क्यावरून परतलेला प्राध्यापक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कोणतेही नवे पुस्तक घरी नेले, की याचा उपयोग काय, हा प्रश्न ठरलेला. आबा फळांची हातगाडी लावतात. त्यांनी तो विचारला तर नवल नाही. यंदा भूगोलाच्या तासाला खनिजे शिकवताना सरांनी फळ्यावर व्हिक्टर गोल्डश्मिट हे नाव लिहिले, दोन वाक्ये सांगितली आणि ते पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकलो. मग सुटीत ग्रंथालयात बसून मिळेल तेवढे वाचले. हा लेख त्यातून झाला आहे.

गोल्डश्मिट यांचा जन्म २७ जानेवारी १८८८ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हाइनरिख रसायनशास्त्राचे प्राध्यापक. व्हिक्टर मेयर या रसायनशास्त्रज्ञाचे नाव त्यांनी मुलाला दिले. १९०१ साली हे कुटुंब नॉर्वेत गेले. अवघ्या तेविसाव्या वर्षी व्हिक्टर डॉक्टर झाले आणि सव्विसाव्या वर्षी प्राध्यापक. घरातच प्रयोगशाळेचे वातावरण असले म्हणजे वाट किती सोपी होते, असे वाचताना माझ्या मनात आले, हे कबूल करतो. पण पुढचे वाचल्यावर ती असूया राहिली नाही.

पृथ्वीच्या पोटात कोणते मूलद्रव्य कोठे जाऊन बसते आणि का, हे त्यांना शोधायचे होते. लोखंडाच्या सोबतीने राहणारी, गंधकाशी जमणारी, दगडात रमणारी आणि हवेत फिरणारी, असे मूलद्रव्यांचे चार गट त्यांनी पाडले. पण कारण हवे, तर अणूंची मापे हवीत. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शेकडो स्फटिक तपासले आणि विद्युतभारित अणूंच्या, म्हणजे आयनांच्या, त्रिज्यांचे कोष्टक १९२६ मध्ये प्रसिद्ध केले.

त्यातली एक गोष्ट मला आबांच्या गाडीवरच समजली. मोसंब्यांची रास रचली की मध्ये पोकळ्या राहतात. त्या पोकळीत लिंबू बसते, संत्रे बसत नाही. आणि बोर ठेवले तर ते खाली घरंगळते. पेरोव्हस्काइट नावाचे एक खनिज आहे. १८३९ साली गुस्ताव्ह रोझे यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि पेरोव्हस्की या रशियन सरदाराचे नाव त्याला दिले. त्याच्या स्फटिकात मोठा आयन पोकळीत बसतो आणि लहान आयनाला सहाजण वेढतात. त्रिज्यांचे एक साधे गुणोत्तर काढून अशी रचना टिकेल की नाही, हे गोल्डश्मिट सांगू लागले. गुणोत्तर एकाच्या जवळ असले तर ठीक. फार खाली गेले किंवा वर गेले, तर रचना बिघडते.

या आकड्याचा उपयोग काय? २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या प्रयोगशाळेत याच रचनेच्या, पण शिसे व आयोडीन असलेल्या पदार्थापासून सौरघट बनवला गेला. तेव्हा त्याची क्षमता चार टक्क्यांच्याही आत होती. आज लहान घटांमध्ये ती पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉन वितळवायला चौदाशे अंशांहून अधिक उष्णता लागते. हा पदार्थ मात्र द्रावण करून काचेवर पसरायचा आणि शंभर-दीडशे अंशांवर वाळवायचा. अडचण टिकण्याची. एका प्रकारात पोकळीतला आयन जरा मोठा पडतो, तर सीझियम घातले की तो लहान पडतो. दोन्ही प्रकार काळाचे पिवळे होतात आणि निरुपयोगी ठरतात. दोहोंचे मिश्रण केले, की गुणोत्तर मध्ये येते आणि काळा रंग टिकतो! नव्वद वर्षांपूर्वीचे गणित असे कामी आले. दमट हवेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. म्हणून पुष्कळदा हे काम नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत करतात आणि खर्च वाढतो. उघड्या हवेत, सोन्याऐवजी कार्बनचा लेप छापून स्वस्त घट करण्याची खटपट त्यासाठीच चालू आहे. २०१४ मध्ये चीनमधील वुहानच्या संशोधकांनी असा छापील घट उघड्या हवेत, प्रकाशाखाली हजार तासांहून अधिक चालवून दाखवला.

आता पुन्हा त्यांच्या आयुष्याकडे. १९२९ मध्ये ते जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. हिटलरच्या राज्यात ज्यूंचा छळ सुरू झाल्यावर १९३५ साली नोकरी सोडून वृद्ध वडिलांसह ओस्लोला परतले. दोन वर्षांनी वडील गेले. व्हिक्टर यांनी लग्न केले नव्हते. ते एकटे उरले. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेतही आल्या. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांना पकडून बेर्गच्या छावणीत टाकले. आजारपणामुळे ते सुटले, पण नोव्हेंबरात पुन्हा अटक झाली. २६ नोव्हेंबरला ओस्लोच्या धक्क्यावर डोनाउ नावाचे जहाज उभे होते. पाचशेहून अधिक ज्यू बायका-पुरुष-मुले त्यावर चढवली जात होती. गोल्डश्मिट त्याच रांगेत होते. सहकाऱ्यांनी धावपळ करून अधिकाऱ्यांना पटवले होते, की या माणसाचे खनिजांचे ज्ञान देशाला उपयोगाचे आहे. त्यांना धक्क्यावरूनच बाजूला काढले. जहाज गेले. त्यावरची माणसे आउश्वित्झला पोचली आणि त्यांतली अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जिवंत राहिली.

ही हकिकत मी रात्री आबांना सांगितली. मला वाटले, ज्ञानाचा उपयोग त्यांना आता पटेल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, की जहाजावरच्या बाकीच्यांचे धंदे काय होते. कोणी दुकानदार, कोणी शिंपी, कोणी शाळेत जाणारी पोरे, असे मी म्हणालो. आबा उठून गाडीवर ताडपत्री बांधायला गेले. तेव्हापासून मला त्या सुटकेविषयी नुसता आनंद मानता येत नाही.

त्याच डिसेंबरात गोल्डश्मिट स्वीडनला निसटले. १९४३ मध्ये ब्रिटनला गेले. तिथे ॲबर्डीनच्या व नंतर रॉथॅमस्टेडच्या मृदासंशोधन संस्थांत, प्रकृती ढासळलेली असतानाही, ते काम करीत राहिले. १९४६ मध्ये ते ओस्लोला परतले आणि २० मार्च १९४७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी वारले. भूरसायनशास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ टेबलावर अपुरा राहिला होता. तो इतरांनी नीट लावून १९५४ साली छापला.