हॅटी मॅकडॅनियल : पडद्यावरची मोलकरीण, कोर्टात जिंकलेली घरमालकीण

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीचा विषय निघाला की आपल्या तरुणांना मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावं तोंडपाठ असतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पण हॅटी मॅकडॅनियल यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे हॅटी. आधी रेडिओवर आणि मग टेलिव्हिजनवर ‘ब्यूला’ या मालिकेच्या त्या नायिका झाल्या. मात्र जवळजवळ आयुष्यभर त्यांनी पडद्यावर गोऱ्यांच्या घरची मोलकरीणच साकारली आणि त्यासाठी स्वतःच्याच समाजातल्या लोकांचा राग ओढवून घेतला. हा राग आणि ही बाई, दोन्ही समजून घ्यायला हवेत असं आम्हाला वाटतं. हा पेच आपल्यालाही नवा नाही.

हॅटींचा जन्म १८९३ चा, कॅन्सस राज्यातल्या विचिटाचा. तेरा भावंडांत त्या शेंडेफळ. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेन्री गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले. ज्या अमेरिकन लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ अर्पण केलं, हे आपल्याला माहीत आहे. हॅटींचे आईवडील त्याच मुक्त झालेल्या पिढीतले. पण कायद्याने मुक्त झालेल्या माणसांच्या वाट्याला काम कोणतं आलं? पुरुषांना अंगमेहनत आणि बायकांना गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी.

घर पुढे कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला आलं. हॅटींना गाण्याची आणि नकलांची आवड. शाळा अर्धवट सोडून त्या भावंडांबरोबर तंबूतल्या खेळांत फिरू लागल्या, स्वतः गाणी लिहून गाऊ लागल्या. १९२९ च्या मंदीत ते काम बुडालं. मिलवॉकीच्या एका क्लबात त्या स्वच्छतागृहात नोकरीला लागल्या. तिथे रंगमंच गोऱ्या कलाकारांसाठीच राखीव होता. बऱ्याच दिवसांनी मालकाने एका रात्री गाऊ दिलं आणि मग त्यांचं गाणं तिथे नेहमीचं झालं. १९३१ मध्ये त्या लॉस एंजेलिसला गेल्या. रेडिओवर लोकप्रिय झाल्या, पण मानधन इतकं तुटपुंजं की कार्यक्रम संपला की लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करायला जावं लागे. सिनेमात जी भूमिका त्या करणार होत्या ती आधी पोटासाठी करून झालेली होती.

१९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ हा गुलामांच्या मालकांचं गोडवं गाणारा सिनेमा. आज पाहताना चीड येते. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी तेव्हाही टीका केली होती. त्यात हॅटींनी ‘मॅमी’ ही घरची दाई केली. दाई मालकिणीला धाक दाखवते, टोमणे मारते, घर तिच्याच जिवावर चालतं. पण ती गुलामच. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला. शहरात वर्णभेदाचे कायदे असल्यामुळे हॅटींना तिथे जाता आलं नाही. पुढे २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री ऑस्कर समारंभ होता. हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. निर्मात्याने खास परवानगी काढली तेव्हा त्यांना आत घेतलं, आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवलं. तिथून उठून त्या सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक घ्यायला गेल्या. सन्मान करायचा, पण पंगत वेगळी ठेवायची, ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

ऑस्करनंतरही भूमिका त्याच राहिल्या. १९४२ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला गेले आणि नोकर-मोलकरणींच्या ठोकळेबाज भूमिका बंद करा अशी मागणी त्यांनी स्टुडिओंकडे लावून धरली. हॅटी आणि त्यांच्या पिढीतल्या कलाकारांना हा आपल्या पोटावर घाव वाटला. त्यांचं म्हणणं साधं होतं : पगार घेऊन मोलकरीण दाखवण्यात लाज कसली, आमच्या आयाबहिणी हेच काम खरोखर करतात.

इथे आम्हाला महाड आठवतं. मृत ढोरं ओढणं, मृतमांस खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ मध्ये लोकांना सांगितलं तेव्हा पोटाचा प्रश्न समोर होताच. ज्यांनी ती कामं सोडली त्यांना गावोगाव बहिष्कार सोसावा लागला. अपमानाचं काम नाकारावंच लागतं, म्हणून व्हाइट यांची मागणी आम्हाला बरोबर वाटते. पण बाबासाहेबांचा रोख ती कामं लादणाऱ्या व्यवस्थेवर होता. हॉलिवूडच्या वादात मात्र बराचसा राग एका बाईवर निघाला. संवाद तिने लिहिले नव्हते, स्टुडिओ तिचा नव्हता. आणि मोलकरणी कमी झाल्या तरी त्यांच्या जागी डॉक्टर, शिक्षिका, वकील अशा भूमिका कृष्णवर्णीय बायकांना फारशा मिळाल्या नाहीत.

पडद्याबाहेर हॅटी काय करत होत्या हे पाहिलं की चित्र बदलतं. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात, ‘शुगर हिल’ नावाच्या वस्तीत त्यांनी मोठं घर घेतलं. तिथे इतर कृष्णवर्णीय कलाकार आणि व्यावसायिकही राहायला आले. या घरांच्या खरेदीखतांत गोऱ्यांशिवाय कुणाला घर विकायचं नाही, राहू द्यायचं नाही, अशी अट होती. त्या आधारावर काही गोरे शेजारी त्यांना बाहेर काढायला कोर्टात गेले. हॅटींनी शेजाऱ्यांना एकत्र केलं, घरी बैठका घेतल्या. वकील लोरेन मिलर यांनी बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी गोऱ्यांचा दावा फेटाळला. अमेरिकेच्या संविधानाची चौदावी दुरुस्ती सर्वांना समान संरक्षण देते, ती अशा अटींनाही लागू आहे, असा त्या निकालाचा आशय होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा अटी कोर्टामार्फत राबवता येणार नाहीत असं ठरवलं. आडनाव ऐकताच ‘खोली आत्ताच गेली’ असं ऐकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा खटला माहीत असायला हवा. ऑस्करइतकंच, किंबहुना जास्त, आम्ही या निकालाला मोल देतो.

१९४७ मध्ये त्या रेडिओवरच्या ‘ब्यूला’च्या नायिका झाल्या. ब्यूला ही कृष्णवर्णीय मोलकरीण, पण तोवर तिचा आवाज गोरे पुरुष काढत होते! हॅटींनी त्या भूमिकेत तोडकंमोडकं, हसं करणारं इंग्रजी बोलायला नकार दिला. पुढे ही मालिका टेलिव्हिजनवर आली. एनएएसीपीने १९५१ च्या अधिवेशनात तिचा निषेध केला. पहिल्या वर्षी तिथे एथेल वॉटर्स यांनी काम केलं. त्यांच्यानंतर हॅटी आल्या, पण मोजके भागच चित्रित झाले आणि त्या आजारी पडल्या. त्यांची जागा लुईस बीव्हर्स यांनी घेतली. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने हॅटी गेल्या.

हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावं अशी त्यांची इच्छा होती. ती दफनभूमी फक्त गोऱ्यांसाठी होती, नकार मिळाला. रोझडेल दफनभूमीत त्यांचा दफनविधी झाला. हॉलिवूडच्या त्या दफनभूमीत त्यांचं स्मारक उभं राहायला १९९९ उजाडलं. तोवर शुगर हिलची बरीचशी घरं सांता मोनिका महामार्गासाठी पाडली गेली होती. ऑस्करचं मानचिन्ह त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला दिलं होतं, ते कधीतरी तिथून नाहीसं झालं. २०२३ मध्ये अकादमीने विद्यापीठाला त्याच्या जागी दुसरं दिलं.