चिंतामणराव देशमुख : महाराष्ट्रदिनाच्या दुसऱ्या दिवशी



मे महिन्याच्या आरंभीचे काही दिवस तुमच्या परिचयाचे असतील. १ मे हा महाराष्ट्र राज्याचा स्थापनादिन. ७ मे रोजी रवींद्रनाथ ठाकूर (१८६१) आणि धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे (१८८०) यांचा जन्म झाला. ९ मे ही गोपाळ कृष्ण गोखले यांची जन्मतिथी (१८६६). या ओळखीच्या दिवसांमध्ये २ मे मात्र सहसा आठवला जात नाही. १९८२ साली या दिवशी हैदराबाद येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे निधन झाले. महाराष्ट्रदिनाला लागून येणाऱ्या या स्मृतिदिनाचा त्या राज्याच्या निर्मितीशी निकटचा संबंध आहे. तो संबंध समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश वकिली करीत. आई भागीरथीबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. बालपणाचा बराच काळ कुंडलिकेच्या काठी वसलेल्या रोह्यात गेला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. संस्कृतचा हा संस्कार त्यांना जन्मभर पुरला.

येथे शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे या गावाचे स्मरण करणे उचित ठरेल. चिंतामणरावांच्या जन्मापूर्वी अवघे चार महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, तेथे विनोबा भावे जन्मले. १९१६ मध्ये विनोबांनी प्रमाणपत्रे अग्नीला अर्पण केली व ते गांधीजींकडे गेले. त्या वेळी चिंतामणराव केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकत होते. १९१८ मध्ये ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. एकाने परीक्षांकडे पाठ फिरवली, दुसऱ्याने त्या पहिल्या क्रमांकाने जिंकल्या. तरीही दोघांनी संस्कृत ग्रंथ मराठीत आणले. विनोबांची ‘गीताई’ तुम्हांस ठाऊक आहेच. चिंतामणरावांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद केला. एकाच जिल्ह्यातील दोन समवयस्कांच्या वाटा इतक्या भिन्न असूनही भाषेपाशी त्या एकमेकींजवळ येतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रशासकीय सेवेची आरंभीची वर्षे त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात काढली. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताचे एक प्रतिनिधी होते. फाळणीनंतर काही काळ ही बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. तो अवघड कारभार त्यांनी सांभाळला. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. स्टेट बँकेची स्थापना (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (१९५६) ही त्या काळातील दोन मोठी कामे होत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९५२ च्या निवडणुकीत चिंतामणराव कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. या किनाऱ्यावरील कित्येक घरांतील कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत, गोदीत वा कचेरीत राबत असे. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला. मराठी मुलूख पेटून उठला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले. त्यांतील अनेकजण पोलिसांच्या गोळीबारात पडले.

चिंतामणरावांपुढील पेच तुम्ही नीट समजून घ्या. ते चळवळीतले नव्हते. त्यांचा दिवसाचा व्यवहार इंग्रजीत चाले. पंचवार्षिक योजनेचे काम चालू होते आणि पंतप्रधानांचा त्यांच्यावर विश्वास होता. गप्प राहणे सोपे होते. परंतु जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत त्याची कारणे मांडली. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात यथोचित विचार न होता जाहीर झाला, तसेच गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे प्रमुख आक्षेप होते. नेहरूंना ते मान्य नव्हते. म्हणजे हा राजीनामा मराठी भाषकांच्या हक्कासाठी होता, तितकाच निर्णय घेण्याच्या रीतीसाठीही होता. राजीनाम्याने मुंबईचा प्रश्न तत्काळ सुटला नाही. आधी द्विभाषिक राज्य आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली व ते हरले. संस्कृत काव्यरचना आणि अमरकोशाचा अभ्यास मात्र सुटला नाही. त्यांच्या पत्नी, समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई, ९ मे १९८१ रोजी निवर्तल्या. त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधीच चिंतामणरावही गेले.

भाषेवरील निष्ठा म्हणजे केवळ त्या भाषेत बोलणे वा लिहिणे, असा आपला समज असतो. चिंतामणरावांचे चरित्र हा समज तपासून पाहण्यास लावते. आयुष्यभर परभाषेत कारभार केलेल्या या माणसाने आपल्या भाषकांसाठी सत्तेचे पद सोडले. पेण-रोह्याकडील विद्यार्थ्यांनी तर हे अवश्य जाणून घ्यावे; त्यांच्याच भागातील आधीच्या पिढीने या माणसाला मते देऊन संसदेत धाडले होते.

स्वाध्याय : तुमच्या घरातील वा गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीविषयी विचारा. त्यांच्या सांगण्यातील बोलीचे शब्द जसेच्या तसे ठेवून दहा ओळींची नोंद करा.